कलेजी, अस्वल आणि माझं मेडिकल

ध्रुवीय अस्वलाची कलेजी खाऊन माणूस मरणाच्या दारात जाऊ शकतो, ही थाप नाही. तिच्या एकेका ग्रॅममध्ये अ जीवनसत्त्व 10,000 युनिटच्या वर असतं, आणि धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादाच 10,000 युनिट. मासे सीलच्या पोटात, सील अस्वलाच्या पोटात, असं साठत साठत ते सगळं अस्वलाच्या यकृतात येऊन बसतं. उत्तरेकडचे इन्युइट लोक म्हणूनच तिला हात लावत नाहीत. 1597 मध्ये आर्क्टिकमधल्या नोव्हाया झेमल्या बेटावर अडकलेल्या डच खलाशांनी लावला, आणि तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलवटून निघाली.

मला जास्त चटका लावते ती झेव्हियर मेर्ट्झ या स्विस मोहीमवीराची गोष्ट. अंटार्क्टिकावर खाण्याचं सामान लादलेली स्लेज, म्हणजे कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी, बर्फाच्या भेगेत गेली. त्याने आणि त्याचा सोबती डग्लस मॉसनने मग ओढणारी कुत्रीच एकेक करून खाल्ली. मांस चिवट, कलेजी मऊ, म्हणून कलेजी चवीने. जानेवारी 1913 मध्ये मेर्ट्झ गेला. अ जीवनसत्त्वाचा शोध जाहीर झाला तोही 1913 मध्येच! कलेजीवर संशय यायला 1969 उजाडलं, आणि त्यावर अजूनही सगळ्यांचं एकमत नाही.

आता सिडकोत या. इथे माझं मेडिकल आहे, आणि काउंटरवर ऐकू येणारं वाक्य ठरलेलं: "ताई, सुनेचं हिमोग्लोबिन कमी आलंय, रोज कलेजी देतेय."

एरवी मी कलेजीच्या बाजूची. रविवारी अर्धा किलो मटण घेताना "दादा, कलेजीचे दोन तुकडे टाका" म्हणायचं, काळ्या मसाल्यात तव्यावर परतायचे, आणि कडेचा लाल रंग जाताच उतरवायचे, नाहीतर रबर होतं. एका बोकडाला कलेजी एकच, गिऱ्हाईकं दहा. प्रमाण खाटीकच सांभाळतो. मेंढीच्या 100 ग्रॅम कच्च्या कलेजीत अ जीवनसत्त्व 7,000 मायक्रोग्रॅमच्या आसपास, कोंबडीच्या कलेजीत 3,000च्या थोडं वर. मर्यादेचे 10,000 युनिट म्हणजे 3,000 मायक्रोग्रॅम. म्हणजे एक वाटी कलेजीही मर्यादा ओलांडते, पण आठवड्यातून एकदा, तीही दोन तुकडे, यानं निरोगी माणसाला काही होत नाही. अंगणवाडीत तर लहान मुलाला एका वेळी 2 लाख युनिट पाजतात, पण पुढचा डोस सहा महिन्यांनी. गोची "रोज" या शब्दात आहे. ब आणि क सारखं हे लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, केस गळतात, कातडी सुटते, हाडं ठणकतात. गाजराने हे होत नाही. फार तर तळहात पिवळे दिसतील.

आणि सून गरोदर असेल तर मी सरळ नको म्हणते. पहिल्या तीन महिन्यांत हे जीवनसत्त्व फार झालं तर बाळात व्यंग येऊ शकतं. ब्रिटनमध्ये गरोदर बाईला कलेजी खाऊच नका असं सांगतात. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन याच कुळातली. तिच्या पाकिटावर गरोदरपणाचा इशारा ठळक छापलेला असतो, आणि चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही. पण कलेजीला कुठलं पाकीट? शिवाय घरात कुणीतरी कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल आणून ठेवलेल्या असतात, त्यातही हेच. म्हणून मी आधी "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" हे विचारते.

परवा एका काकूंना हे सगळं सांगितलं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात त्या चुकवू नका, चहासोबत देऊ नका, लिंबूपाण्यासोबत द्या, असंही सांगितलं. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, विचार केला.

"मग खिमा चालेल ना?"

"चालेल की काकू. नीट शिजवा फक्त."

"आणि ही आणलेली कलेजी?"

"काकांना द्या."