जिप्सी अपडेट: वॉबल गेला, आता पुढचा प्रॉपेलर शाफ्ट बोलायला लागलाय

मंडळी, माझी मारुती जिप्सी सरळ धावायला लागली! ठराविक वेगात पुढची चाकं आणि स्टिअरिंग जोरात फडफडायचं, तो वॉबल गेला. नाशिकच्या के. के. वाघ कॉलेजपासून गरवारे पॉइंटपर्यंत अख्खा उड्डाणपूल काटा ६० वर ठेवून पार केला आणि एकाही जॉइंटवर स्टिअरिंग फडफडलं नाही. ३१ इंची टायर असल्यामुळे काटा साधारण दहा टक्के कमी दाखवतो, म्हणजे खरा वेग ६५-६६ धरा. आणि हे सगळं स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हिसके शोषणारा शॉक ॲब्जॉर्बर) काढून ठेवलेला असताना. मागच्या अपडेटखाली ज्यांनी ज्यांनी "जाड डॅम्पर टाक, विषय संपव" असा सल्ला दिला होता, त्यांच्यासाठी हे वाक्य मुद्दाम आधी लिहिलंय.

डॅम्परशी माझं वैर नाही. दगडावर चाक आपटल्यावर अंगठा वाचवायला तो हवाच. पण वॉबल शोधायचा असेल तर तो आधी काढा. माझ्या गाडीत डॅम्पर असताना वॉबल ७० च्या पुढे यायचा, काढल्यावर ५० लाच. तेवढ्या वेगात विल्होळीच्या पुढच्या सर्व्हिस रोडवर सकाळी लवकर निवांत टेस्ट करता येते, महामार्गावर जीव टांगणीला लावावा लागत नाही. सुरू झालाच तर ब्रेक दाबायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग धरून ठेवायचं आणि गाडीला आपोआप मंदावू द्यायचं.

टायर बॅलन्सिंग, टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं) आणि हवा हे तिन्ही आधीच झालं होतं, त्यामुळे थोडक्यात सांगतो. टो-इन दोन ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि टेप लावून घरीच केला, ३ मिमी. हवेसाठी खडूची टेस्ट: टायरवर आडवी जाड रेघ मारायची, सरळ थोडं चालवायचं आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. जिप्सीचं वजन टनाच्या आसपास. ३५ पीएसआयला रेघ फक्त मधेच पुसली जाते, कडा तशाच्या तशा पांढऱ्या राहतात. २६ ला पूर्ण रुंदी लागली. याने गाडी कमी उडते, पण वॉबल काही जात नाही.

मग राहिले दोन संशयित: किंगपिनची (पुढचं चाक ज्या खुंटावर वळतं त्याची) बेअरिंगं आणि कॅस्टर (त्याच खुंटाचा मागचा कल). निघाले दोघेही दोषी.

आधी किंगपिन. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तर खेळ जाणवत नव्हता, म्हणून मिस्त्री म्हणाले, "बेअरिंग ठीक आहे, उगाच खोलू नका." मी टाय रॉड सोडवला, ऑइल सील मोकळं केलं आणि नकलच्या (चाक धरणाऱ्या, स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या भागाच्या) भोकात ताणकाटा अडकवून ओढून बघितलं. मॅन्युअलप्रमाणे नकल हलायला १ ते १.८ किलो ओढ लागायला हवी. उजवीकडे किलोभर लागली, डावीकडे काटा अर्ध्या किलोवर पोहोचायच्या आत नकल सुळकन फिरली. तेव्हा खोललं. खालच्या बेअरिंगच्या कपमध्ये (बाहेरच्या कड्यात) ग्रीसच्या जागी तपकिरी गाळ होता. तो पुसून आतून नख फिरवलं तर नखाला एकेक खाच लागत होती, रोलरच्या लांबीची, सारख्या अंतरावर. लांबचा सरळ रस्ता चालून रोलर एकाच जागी आपटत राहतात, त्याचे हे ठसे. चारही बेअरिंगं बदलली आणि शिम (पातळ चकत्या) कमी करत दोन्ही बाजूंना दीड किलोवर आणलं. एक सूचना: बेअरिंग कप-कोनसकट जोडीनेच घ्या आणि नावाजलेल्या बेअरिंग कंपनीचंच घ्या. द्वारकेच्या एका दुकानात मला बिननावाच्या डबीतलं निम्म्या भावात मिळत होतं. हातात फिरवलं तर खरखर. डबी तिथेच ठेवून आलो.

याने वॉबल निम्मा गेला. म्हणजे यायचा, पण दोन-तीन हेलकाव्यांत शांत व्हायचा. उरलेला अर्धा कॅस्टरचा.

हे जरा सविस्तर लिहितो, कारण गाडी उंच करायला मी लावल्या तशा लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) एक टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या, लावताना आपल्याकडे कुणी हा हिशेब सांगत नाही. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, हात सोडले तरी ती सरळ जायला त्याची मदत होते. किंगपिनचा मागचा कल तेच काम करतो. जिप्सीला कंपनीचा कॅस्टर साडेतीन अंशांच्या आसपास असतो. जिप्सीच्या पुढच्या पाट्याला शॅकल पुढच्या टोकाला आहे, मागचं टोक चॅसिसला पिनने पक्कं. शॅकल २ इंच लांब केली की पाट्याचं फक्त पुढचं टोक २ इंच खाली जातं. ॲक्सल मधे असल्यामुळे गाडी उचलते इंचभरच. आणि पाटा मात्र पुढे झुकतो. पाट्याच्या दोन टोकांच्या डोळ्यांतलं अंतर ९०० मिमी धरा, ५० मिमी उतार, म्हणजे तीन अंशांहून थोडं जास्त. साडेतीनातून तीन गेले, उरलं काय? इंचभर उंचीसाठी जवळजवळ सगळा कॅस्टर मोजून दिला. डिजिटल अँगल फाइंडर लावल्यावर माझ्याकडे अर्धा अंशही भरला नाही. वर ३१ ची जड चाकं.

ॲलाइनमेंटच्या दुकानात हे बोललो तर तिथला मुलगा म्हणाला, "सर, या गाडीत कॅस्टर ॲडजस्ट होत नाही." बरोबर आहे, मशीनवर होत नाही. ॲक्सल आणि पाट्याच्या मधे पाचर टाकूनच होतो. अंबडच्या एमआयडीसीत एक काका मिलिंगची छोटी कामं करून देतात, त्यांच्याकडे गेलो.

"काका, तीन अंशांचा टेपर पाहिजे."

"अंश राहू दे. या टोकाला किती अन् त्या टोकाला किती, ते सांग."

१२५ मिमी लांबी, पातळ टोक ३, जाड टोक साडेनऊ. दुसऱ्या दिवशी दोन्ही पाचरी तयार, मधे सेंटर बोल्टचं (पाट्याचे थर बांधणाऱ्या बोल्टचं) भोक, कडा घासलेल्या. व्हर्नियर लावला तर दोघींत फरक केसाइतका. ऑनलाइन मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पाचरी घेऊ नका, ॲक्सल पाट्याला आवळणाऱ्या यू बोल्टच्या दाबाखाली त्या ठेचतात आणि तडकतात. लोखंडच घ्या.

बसवताना दिशा बघा. आपल्याकडे ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, त्यामुळे जाड टोक पुढे. ज्यांनी पाटा ॲक्सलच्या वर घेतलाय त्यांना उलटं, जाड टोक मागे. सेंटर बोल्ट पाचरीच्या मधल्या जाडीइतका, म्हणजे सहा मिमीने लांब घ्यायचा, नाहीतर त्याचं डोकं ॲक्सलच्या भोकात पुरेसं शिरत नाही आणि ॲक्सल सरकतो. यू बोल्ट नवेच, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा ताणायचे. मी ताणले तेव्हा प्रत्येक नट पाव फेरा तरी आणखी बसला.

कॅस्टर आता साडेतीन. वळून बाहेर पडल्यावर स्टिअरिंग आपोआप मधे येतं. हे सुख ज्यांच्याकडे पहिल्यापासून आहे त्यांना कळायचं नाही.

आता दुसरी बाजू. ॲक्सल मागे कलवला की किंगपिनबरोबर डिफरन्शियलचं तोंडही फिरतं. पिनियन (डिफरन्शियलचा शाफ्टला जोडलेला गियर) तीन अंश खाली बघायला लागला, ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारा गियरबॉक्स) आहे तिथेच. या दोघांना जोडणारा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट आधीच आखूड, त्यात त्याचा कोन आणखी वाढला. पुढच्या चाकांचे हब लॉक करून ४ हायमध्ये (चारही चाकांना ताकद, वेगाचा गियर) ४० च्या पुढे गेलं की पायाखालून घूं आवाज येतो आणि गियर लिव्हर थरथरतो. २ हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) हब मोकळे असताना काही नाही. वैतरणेच्या चिखलात एवढा वेग लागत नाही, त्यामुळे चालून जाईल असं वाटलं होतं. पण शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस किती दिवस टिकेल?

तोवर दुसरंच डोक्यात शिरलं. सावळघाटात वळणावर गाडी झुकते त्याचा इलाज म्हणून मी जास्त बाहेर येणाऱ्या रिम घेणार होतो, दोन्ही बाजूंना इंचभर. आज कागदावर मांडलं. ट्रॅक १३०० मिमी, म्हणजे मधोमधपासून ६५०. गुरुत्वमध्य समजा जमिनीपासून ६५० वर होता, तर उलटण्याचा कोन ४५ अंश. मोठ्या टायरचा दीड इंच आणि शॅकलचा एक मिळून तो ७१३ वर गेला, कोन ४२ च्या थोडा वर. रिमने २५ मिमी बाहेर काढले तर पुन्हा ४३ च्या थोडा वर. हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर बाजूला दबतं, कोन याहून कमीच. एवढा आटापिटा करून मिळाला जेमतेम एक अंश. आणि त्याबदल्यात किंगपिनची रेषा जमिनीला टेकते तिथून टायरचा मध्य इंचभर आणखी लांब जातो. प्रत्येक खड्डा तेवढा जास्त लांब दांड्याने स्टिअरिंगला हिसका देणार, हबच्या बेअरिंगवर लोड वाढणार. न उलटण्यासाठी जे करायचं तेच सरळ धावण्याच्या मुळावर येतंय. रिम रद्द.

त्यापेक्षा वजन खाली आणणं स्वस्त. छतावरचा कॅरिअर आणि त्यावरची स्टेपनी (टायर-रिम मिळून सहज ३५ किलो) काल उतरवली. घाटात फरक लगेच कळला, मागच्या सीटवर बसलेल्या बायकोलाही. "आता मळमळत नाही," एवढाच तिचा रिपोर्ट, आणि माझ्या सगळ्या मोजमापांपेक्षा तो जास्त विश्वासार्ह आहे.

हे लिहितानाच वाटतंय की मुळात लांब शॅकलच का ठेवायच्या? त्या काढून मूळ लांबीच्या लावल्या आणि इंचभर उंची पाट्यांना कमान देऊन घेतली, तर दोन्ही टोकं सारखी खाली जातील, ॲक्सल फिरणार नाही, कॅस्टर जागेवर राहील, पाचरी नकोत आणि पिनियनही परत वर बघेल. जुन्या पाट्याला मारलेली कमान वर्ष-दोन वर्षांत बसते हे मान्य. म्हणून वरून एक नवीन पाटा वाढवायचा, पातळ, नाहीतर रिकाम्या गाडीत कंबर मोडेल. शॅकल मागच्या टोकाला नेण्याचा पर्याय काहींनी सुचवला होता. खड्ड्यात तो छान वागतो असं ऐकतो, पण ब्रेक मारल्यावर नाक जास्त दबतं आणि चॅसिसवर वेल्डिंग करावं लागतं. ते मला नको. गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, निदान परत काढता येईल असं तरी करावं.

आणि तसंच असेल तर ३१ सुद्धा कशाला? २३५/७५ आर १५ म्हणजे साधारण २९ इंच. त्याला इंचभर लिफ्ट पुरते, काटाही बराचसा खरा बोलतो. ३१ विकायला जीव होत नाही, पण पावसाळ्याआधी ठरवतो.

तूर्त पाचरी गाडीतच आहेत, ४ हाय फक्त चिखलात. या आठवड्यात पाटेवाल्याकडे जाऊन कमानीचा आणि जादा पाट्याचा भाव काढतो. नाशिकमध्ये कुणाकडे जिप्सीच्या मूळ पुढच्या शॅकलचा जोड पडून असेल तर सांगा. बुश फाटलेले चालतील, प्लेटा सरळ हव्यात.