विनिपेगच्या थंडीत गाडी उघड्यावर ठेवून पुण्याला जाताना

दरवर्षी डिसेंबर ते मार्च आम्ही पुण्यात असतो आणि गाडी इथे कॅनडातल्या विनिपेगमध्ये बिल्डिंगमागच्या उघड्या पार्किंगमध्ये. पहिल्या वर्षी मी हार्डवेअरच्या दुकानातून निळी प्लास्टिकची ताडपत्री आणली, दोरीनं घट्ट बांधली आणि निर्धास्तपणे विमानात बसलो. मार्चमध्ये येऊन बघतो तर वाऱ्यानं ताडपत्री फडफडून फडफडून टपावरचा रंग घासलेला, आत दमट वास, आणि बॅटरी गोठून फुगलेली. खूप वाईट वाटलं, इथे आल्यावर पैसे साठवून घेतलेली पहिलीच गाडी होती ती.

बर्फाची भीती वाटते ना, पण बर्फापेक्षा ओल आणि उतरलेली बॅटरी जास्त घात करतात. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे 50 अंश सेल्सिअसच्या खालीसुद्धा टिकते, पण पूर्ण उतरलेली उणे 7-8 च्या आसपासच गोठते, आणि इथे जानेवारीत पारा उणे 30 पर्यंतही जातो. गाडी बंद असली तरी अलार्म आणि घड्याळ थोडा थोडा करंट खातच असतात. म्हणून आता मी बॅटरी काढूनच ठेवतो, आधी निगेटिव्ह मग पॉझिटिव्ह, चार्ज करून 12.6 व्होल्ट दाखवतंय ना बघतो आणि मग बेसमेंटमध्ये.

जायच्या आधी गाडी धुवायचीच, खालून तर नक्कीच, कारण नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं आणि तेच पत्रा खातं. पूर्ण कोरडी झाली की वॅक्स, दाराच्या रबरांना सिलिकॉन. ऑइल बदलून घ्या, जुन्या ऑइलमध्ये आम्ल असतं. पेट्रोलची टाकी फुल करून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) टाका आणि दहा मिनिटं गाडी चालवा म्हणजे ते इंजिनापर्यंत पोचतं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, अर्धं अँटीफ्रीझ आणि अर्धं पाणी असेल तर उणे 37 पर्यंत चिंता नाही. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की हवेचा दाब 1 पीएसआय (दाब मोजायचं एकक) कमी होतो, म्हणजे इथे सहज 7 जातात. हँडब्रेक मात्र लावू नका, चिकटून बसतो, चाकांना लाकडी ठोकळे लावा. आणि कव्हर घ्यायचं तर हवा खेळणाऱ्या कापडाचं, पोटाखालून पट्टा असलेलं.

उंदरांचं शेजारच्या आजोबांनी सांगितलं, त्यांची वायरिंग एकदा कुरतडली होती. सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबायची, गाडीत बिस्किटाचा चुराही ठेवायचा नाही. माझी पोरं मागच्या सीटवर चिवडा सांडतात त्यामुळे व्हॅक्यूमला मला अर्धा दिवस लागतो, पण मी करतो.

मित्राला किल्ली देऊन "आठवड्यातून पाच मिनिटं चालू कर रे" असं सांगायची पद्धत आहे आपल्यात, कृपया नका सांगू. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं आणि सेल मारण्यात बॅटरी जेवढी उतरते तेवढी भरतही नाही.

विमा उतरवताना एजंटला गाडी उभी राहणार आहे म्हणून सांगा, चोरी आणि आगीचं कव्हर चालू राहू द्या.

आणि स्टीअरिंगवर मी एक कागद चिकटवून जातो, मोठ्या अक्षरात: "घासणी काढ. बॉनेट उघडून बघ. हवा भर. मग चावी."