तुम्ही विचारलंत म्हणून : पुस्तकाला सुरी लावताना

"पुस्तक कापायला हात कसा धजावतो हो तुमचा?"

निकामी झालेली पुस्तकं कोरून मी शिल्पं करते. माझ्या टेबलापाशी आलेलं माणूस पाच मिनिटांत या प्रश्नावर येतं. कुणी चाचरत विचारतं, कुणाच्या आवाजात सरळ राग असतो. तो राग मला कळतो. पुस्तकाला पाय लागला तर पुस्तकाच्या पाया पडणारी माणसं आपण. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायची आणि वह्यापुस्तकांना हळदकुंकू वाहायचं, हे मीही केलंय. त्यातून मी बाइंडरची मुलगी. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत चिकटवायच्या खळीचा वास कायमचा मुरलेला. कसर लागू नये म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे. फाटकं पुस्तक उसवायचं, फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे, पुन्हा जुजबंदी करून, म्हणजे ते दोऱ्यानं शिवून, नवा पुठ्ठा चढवायचा, हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. म्हणजे मी शिकले ते पुस्तक वाचवायला.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही घरी परतलो तेव्हा गल्लीत ओल्या गाद्यांचे ढीग होते आणि त्यात पुस्तकं होती. भिजलेल्या पुस्तकाला पहिले दोन-तीन दिवस फार मोलाचे असतात. तेवढ्यात पानं वाऱ्याला लागली नाहीत तर बुरशी धरते. आमचे ते दिवस पाण्यातच गेले होते.

साधा कागद भिजला तर फुगतो, सुकल्यावर लाटा येतात, पण पान सुटतं. चित्रांच्या पुस्तकांचा गुळगुळीत आर्ट पेपर मात्र निराळा. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप दिलेला असतो. तो ओला झाला की पान पानाला धरतं आणि तसंच सुकू दिलं तर पुस्तकाची वीट होते. आम्ही दोऱ्या बांधून, पंखे लावून शक्य तितकी पुस्तकं सोडवली. उरलेली रद्दीवाल्यानंही घेतली नाहीत. "ताई, चिखल हाय ह्यात. फुडं कोन घेत न्हाई."

त्यात एक चित्रांचा जाड ज्ञानकोश होता. कपाटात दाटून बसवलेला, म्हणून पाणी फक्त कडेनं आत गेलेलं. दादांनी पातळ पट्टी घालून पाहिली, वाफ देऊन पाहिली. शेवटी माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "हे आता उघडायचं नाही. बघ तुला काय सुचतंय." मला सुचलं काहीच नव्हतं. आत कोरडं आहे का, एवढंच बघायला मी वरच्या बाजूनं कटर लावला. हात थरथरत होता. तीन बोटं खोल गेल्यावर स्वच्छ पान लागलं. पक्ष्याचा एक पंख आणि त्याखाली अर्धी ओळ. कडेला गाळाच्या रेषा एकाखाली एक उतरलेल्या, डोंगराच्या उतारावर ताली, म्हणजे शेतांचे बांध, दिसतात तशा. मी त्या रेषांच्या मागं मागं कापत गेले. तीन आठवड्यांनी त्या कोशातून जोतिबाचा डोंगर वर आला. दादांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि एवढंच विचारलं, "पंख ठेवलास ना?" ठेवला होता.

असं काम जगात इतरही करतात, हे मला नंतर कळलं. अमेरिकेतले ब्रायन डेटमर पुस्तकाच्या कडा बंद करतात आणि वरून कोरत जातात. आत काही नवं घालत नाहीत की काही हलवत नाहीत, नुसतं काढतात. जे राहतं ते मूळ जागीच राहतं. मला ही शिस्त फार मोठी वाटते. कॅनडातले गी लारामे कोशांतून डोंगर कोरतात. त्यांचं काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसले होते.

आता, काय कापते आणि काय नाही. शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेल्या जुन्या पोथ्यांना हात लावत नाही. चिंध्यांपासून केलेला जुना कागद चिवट असतो. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद त्यातल्या आम्लानं पिवळा पडतो, ठिसूळ होतो, दुमडला की तुटतो. म्हणून पुष्कळदा आजोबांचं पुस्तक धड असतं आणि नातवाच्या पुस्तकाचा भुगा झालेला असतो. पहिल्या पानावर 'चि. अमुक हिस बक्षीस' असं शाईनं लिहिलेलं असेल तर ते पान सोडवून ठेवते. पुस्तक दुर्मीळ वाटलं तर आधी ग्रंथालयात दाखवते. १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर असलेल्या गावात विचारायला जाणती माणसं मिळतात. मग माझ्या वाट्याला उरतात विटा झालेली पुस्तकं, अभ्यासक्रम बदलल्यावर टाकलेली गाईडं, जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. डिरेक्टरीचा कागद इतका पातळ की घडीला घडी बसत जाते आणि कमळ फुलतं. फक्त घडी कागदाच्या धाटणीनं, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेनं, घालावी लागते, आडवी घातली की कागद कुरकुरतो, चिरतो.

दिवाणखान्यात शोभेला म्हणून नवी कोरी पुस्तकं आणून कापणं मला पटत नाही. तशी मागणी येते, मी नाही म्हणते. वाचता येणारं पुस्तक वाचणाऱ्याचं आहे.

आणि हात कसा धजावतो, ते सांगायचं राहिलंच. सुरी लावण्याआधी जेवढं सुटतं तेवढं मी वाचते. वरचं पान, मग कापल्यावर दिसेल ते पान, अशी अर्ध्या-अर्ध्या ओळी वाचत खाली जाते. या प्रतीला आता दुसरं कुणी वाचणार नाही, हे मला ठाऊक असतं. म्हणून घाई करत नाही. जोतिबाच्या डोंगराला तीन आठवडे लागले, त्यात कापण्याचे तास थोडे होते.

सध्या टेबलावर २०२१ च्या पुरातलं एक पुस्तक आहे. शेतीवरचं, लेखकाचं नाव असलेलं पान गेलेलं. मधली चाळीसेक पानं अजून सुटतात. ऊस लावणीच्या सऱ्यांपर्यंत आले आहे. ती पानं संपेपर्यंत कटर खणातच आहे.