गोड्या पाण्यातली पाच मिनिटे

अंधेरीतील एका घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला एम्परर एंजल जातीचा मोठा मासा खायचा बंद झाला होता, दगडांवर अंग घासत होता आणि त्याचे दोन्ही डोळे पांढुरके दिसत होते. मासे विकणाऱ्या दुकानदाराने फोनवरूनच ‘व्हाईट स्पॉट’ (अंगावर पांढरे ठिपके उठणारा आजार) असे निदान करून तांब्याचे औषध टाकायला सांगितले होते, आणि मला बोलावणे आले तेव्हा ते टाकून आठवडा उलटला होता. वाळू आणि खडक तांबे शोषून घेतात, त्यामुळे मात्रा कमी पडली असावी अशी शंका मला आधी आली. परंतु चाचणी केली तर मात्रा पुरेशी निघाली.

व्हाईट स्पॉट ज्याच्यामुळे होतो, तो क्रिप्टोकॅरियॉन हा परजीवी काही दिवस माशाच्या त्वचेखाली राहतो, मग गळून तळाशी कोश करतो आणि त्या कोशातून नवे पोहणारे जीव बाहेर पडतात. तांबे मारते ते केवळ या पोहणाऱ्या जिवांना. म्हणूनच औषध सुरू असतानाही ठिपके काही दिवस दिसतात, आणि दुकानदार ‘थोडा धीर धरा’ म्हणतो. या माशाच्या अंगावर मात्र मिठाच्या कणासारखा एकही ठिपका नव्हता. टॉर्च तिरका धरल्यावर कपाळाजवळ आणि डोळ्यांच्या कडेला पारदर्शक चकत्यांची अंधूक किनार तेवढी चमकली. हे त्वचेला चिकटणारे चपटे कृमी असावेत अशी शंका मला आली.

मी गोड्या पाण्याची डुबकी देऊया म्हटल्यावर मालक घाबरले. “अहो, समुद्रातला मासा आहे तो, गोड्या पाण्यात जगेल का?” हा प्रश्न रास्तच होता. निरोगी कातडीचा मासा काही मिनिटे आपल्या शरीरातले क्षार टिकवून धरू शकतो. चपट्या कृमीचे पातळ शरीर मात्र तेवढ्या वेळात पाणी शोषून फुगते. काळ्या प्लॅस्टिकच्या टबात आरओचे पाणी घेऊन त्याचे तापमान टाकीइतके केले, खाण्याचा सोडा घालून पीएच 8.2 च्या आसपास आणला आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवून मासा त्यात सोडला. (टब काळाच हवा, पांढऱ्या बादलीत काहीच दिसत नाही.) आधी मासा एका कुशीवर कलला, आणि मालकांनी जाळीकडे हात नेला. तेवढ्यात त्याच्या डोळ्यावर काहीच नव्हते तिथे एक पांढरा ठिपका उमटला, पसरला आणि सुटून खाली गेला. पाच मिनिटे होईतो टबाच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखे कित्येक कृमी पडले होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पुढच्या टोकाला दोन लहान आणि मागे एक मोठी, आकड्यांची चकती स्पष्ट दिसली: नियोबेनेडेनिया, माशांच्या त्वचेला चिकटणारा चपटा कृमी. तांब्याला हा कृमी दाद देत नाही.

माझ्या मते डुबकी हा उपचार कमी आणि तपासणी अधिक आहे. मासा तसाच टाकीत परत गेला असता तर तेथील अंड्यांतून निघालेली पिल्ले त्याला पुन्हा चिकटली असती. त्या अंड्यांना लांब धागे असतात. ते जाळी, स्पंज, एअर स्टोन यांना गुंततात, आणि चपट्या कृमींवरच्या प्राझिक्वांटेल या औषधाचा अंड्यांवर परिणाम होत नाही. म्हणून औषधे शोषून घेणारा कार्बन टाकीच्या फिल्टरला लावून आधी तांबे काढले, मग कार्बन काढून प्रत्येक लिटरला 2.5 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल दिले, आणि अंडी फुटून गेल्यावर, पण नवे कृमी अंडी घालू लागण्यापूर्वी, म्हणजे आठवडाभराने, दुसरी मात्रा दिली. या औषधाने पाण्यात जिवाणू वाढून प्राणवायू कमी पडू शकतो, म्हणून रात्रभर जादा पंप चालू ठेवायला सांगितले. जाळी आणि स्पंज उन्हात कडकडीत वाळवले.

दुसऱ्या मात्रेनंतर पुन्हा दिलेल्या डुबकीत टबाचा तळ स्वच्छ राहिला. मासा कोळंबीचे तुकडे खाऊ लागला. उजवा डोळा निवळला, डाव्यावर थोडा डाग उरला. मालकांनी नव्या माशांसाठी न्हाणीघरात एक वेगळी छोटी टाकी मांडली आहे, आणि काळा टब माझ्याकडून मागून घेतला आहे.