वजाबाकीत गेलेली उत्परिवर्तने

लिम्फोमाच्या, म्हणजे लसीकाग्रंथींच्या कर्करोगाच्या, एका रुग्णाच्या नमुन्याच्या पहिल्या अहवालात डीएनएमटी३ए आणि टेट२ या दोन जनुकांतील बदलांसमोर 'आनुवंशिक, दुर्लक्ष करावे' असा शेरा होता. तो कोणा माणसाने नव्हे, तर संगणकाने मारला होता. गाठीतील डीएनएमध्ये दिसणाऱ्या बदलांतून त्याच रुग्णाच्या रक्तात दिसणारे बदल वजा करायचे आणि उरतील ते कर्करोगाचे मानायचे, अशी आमच्याकडची रूढ पद्धत आहे. रक्त निर्दोष आहे हे त्यात गृहीतच धरलेले असते. तुलनेसाठी नखांची कात्रणे मागवावीत असे मी पूर्वीही सुचवले होते. पण रक्ताची नळी हाताशी असताना नखे मागण्याची तसदी कोण घेणार? जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत असणारा जन्मजात बदल दोन्ही नमुन्यांत ५० टक्क्यांच्या आसपास प्रतींत दिसायला हवा होता. आमच्या आकड्यांत डीएनएमटी३ए गाठीत ३८ आणि रक्तात २७ टक्के होता, आणि तरीही त्या शेऱ्याखाली दोन अनुभवी सह्या होत्या.

आजार होता अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-पेशी लिम्फोमा, म्हणजे टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींतून उद्भवणारा प्रकार. १९७४ मध्ये याचे वर्णन झाले तेव्हा याला कर्करोग म्हणावे की प्रतिकारशक्तीचा अतिरेक, यावरच मतभेद होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्या पिढीची अडचण आजही समजते. गाठीत बी-पेशी, प्लाझ्मा पेशी, इओसिनोफिल अशा इतर पांढऱ्या पेशी आणि फांद्या फुटलेल्या रक्तवाहिन्या यांची एवढी दाटी असते की खऱ्या अर्बुदपेशी, म्हणजे कर्करोगाच्या पेशी, अल्पसंख्य ठरतात. त्या बी-पेशींना मदत करणाऱ्या 'फॉलिक्युलर हेल्पर' जातीच्या टी-पेशींशी जुळतात, हे २००७ मध्ये जनुक-अभिव्यक्तीच्या अभ्यासातून पुढे आले. गाठीचा डीएनए सरसकट वाचताना मात्र सगळ्या पेशींचा डीएनए एकत्र घुसळलेला असतो; बदल किती टक्के आहे हे कळते, कोणत्या पेशीत आहे हे कळत नाही. म्हणून गाठीच्या आणि अस्थिमज्जेच्या गोठवलेल्या पेशी यंत्राने एकेका थेंबात वेगळ्या करून, एकेक करून वाचायचे ठरले.

गोठवलेल्या पेशी वितळवण्याच्या ज्या अर्ध्या तासाबद्दल यंत्र विकणारे कधीच बोलत नाहीत, त्यावर सगळे अवलंबून असते. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरून आत टाचणीच्या डोक्याएवढा बर्फ उरला की बाहेर काढायची आणि कोमट द्रावण एकेक थेंब घालत, नळी हलक्या हाताने फिरवत राहायचे. घाई केली तर पेशी फुटतात, त्यांचा चिकट डीएनए बाकीच्यांना धाग्यांसारखा गुंडाळतो आणि पुढे थेंबाथेंबांत शिरून नसलेल्या बदलांचा भास निर्माण करतो. ट्रायपॅन ब्लू या रंगात मेलेल्या पेशी निळ्या पडतात. त्या दिवशी मोजणीच्या काचेवर दहांतल्या नऊ पेशी रंग न घेता चकाकताना दिसल्या, आणि ही कामगिरी माझ्या हातांची होती हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

निकाल आला तेव्हा मी तक्ता दोनदा उलगडला. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांची ओळख पटवणारी प्रतिपिंडेही आम्ही सोबत वाचली होती, त्यामुळे कोणती पेशी कोणत्या जातीची हे समोर होते. डीएनएमटी३एमधील बदल टी-पेशींत होता, बी-पेशींत होता, मज्जेतील मूलपेशींतही होता. पण सगळ्या पेशींत नव्हता, म्हणजे तो जन्मजात नव्हता. काही पेशींत तो एकटा होता, काहींत टेट२च्या जोडीने. टेट२ एकटा जवळजवळ कुठेच नव्हता. यावरून क्रम लावण्याचा मोह आवरावा लागतो, कारण एका पेशीतील इवल्याशा डीएनएच्या नकला काढताना जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक अनेकदा निसटते आणि बदल असूनही दिसत नाही. दोन दिवस मी फक्त ही गळती मोजली, तेव्हा कुठे डीएनएमटी३ए आधीचा असे म्हणायचा धीर झाला. रो-ए जनुकातला, त्याच्या प्रथिनात १७ व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आणणारा बदल, जो या आजाराची ओळखखूण मानला जातो, तो टी-पेशींच्या एका छोट्या घोळक्यातच होता. म्हणजे गाठ टी-पेशींची असली तरी तिची पहिली पायरी मज्जेतल्या मूलपेशीत पडली होती, आणि संगणकाने नेमकी तीच पुसली होती.

आमच्या अहवालात 'उगम पेशी' असा एकच रकाना आहे. मी त्यात दोन ओळी कोंबल्या. संध्याकाळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशी काढून, साठवून, तीव्र केमोथेरपीनंतर परत देण्याचा त्यांचा विचार होता. "मॅडम, मग त्या पिशवीतही हेच असणार का?" त्यांनी विचारले. डीएनएमटी३ए असणारच, असे मी म्हणाले. त्यामुळे प्रत्यारोपण टाळावे का, याचे उत्तर माझ्या तक्त्यात नव्हते. एकाच मूळ वंशातून हा लिम्फोमा आणि तीव्र मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग असे दोन्ही आजार निपजल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, हे मात्र मी सांगितले, आणि पलीकडे बराच वेळ शांतता होती.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. पहिल्या छाननीत १९ बी-पेशींत रो-एचा बदल दिसला होता. एका थेंबात दोन पेशी अडकल्या की यंत्र त्यांना एकच समजते; १६ नोंदींवर टी आणि बी अशा दोन्ही खुणा होत्या, तेव्हा त्या अशा जोडपेशी म्हणून निकालात काढल्या. उरलेल्या ३ पेशींवर टी-पेशीची एकही खूण नव्हती. तरंगत्या डीएनएचा दोष असणार, असे मी ठरवले, कारण हा बदल टी-पेशींतच असतो असे आजवरचे बहुतेक अभ्यास सांगतात. संगणकाच्या वजाबाकीवर मी नंतर चार पानांचे तिखट टिपण लिहिले, आणि ते लिहिताना फाइल पुन्हा उघडली तेव्हा त्या ३ पेशींसमोर माझ्याच हातचा शेरा दिसला: 'त्रुटी, दुर्लक्ष करावे'. दुसरी कुपी आमच्याकडे नाही.