तुम्ही विचारलंत म्हणून: माशाचे तोंड आणि माझे एक वाक्य

भुसावळच्या बाजारात मी माशाचा ओठ मागे सारून जबडा पाहू लागलो की कोणी तरी विचारतेच, "सर, तोंडावरून याचे पाणी कसे ओळखता?" त्याचे उत्तर मी आनंदाने देतो. मग दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे माशाने पाण्याप्रमाणे स्वतःला बदलून घेतले, असेच ना?" याला मी वर्षानुवर्षे तुटक उत्तर देऊन निघून जातो, आणि लोक मला तुसडा समजतात. म्हणून आज सविस्तर लिहितो.

कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूला असते आणि तो तळाचा गाळ चिवडतो. रोहू मधल्या थरात चरतो. मूळच्या गंगेकडच्या या तिघांना आपल्या शेततळ्यांत एकत्र सोडता येते ते याचमुळे. तिघांच्याही जबड्यात दात नसतात. ते असतात घशात, कल्ल्यांच्या शेवटच्या कमानीवर. मुळात जबडाच कल्ल्यांना आधार देणाऱ्या पुढच्या कमानीपासून घडला, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि ही गोष्ट 40 कोटी वर्षांहूनही जुनी आहे. श्वासाच्या कामातले हाड घास पकडण्याच्या कामी आले. कोणत्याही माशाने तसे ठरवले नव्हते.

हे मला पाठ होते. तरीही 1994 साली मी जे केले ते केले.

अनेर नदीच्या धारेतून मी सात मळ्या मासे वर्गासाठी आणले. मळ्याचे पोट सपाट असते, छातीजवळचे पर आडवे पसरलेले असतात आणि खालच्या ओठामागे मांसल चकती असते, तिच्या जोरावर तो खळाळत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. मासे काढून देणारा भोई म्हणाला होता, "हाऊ वाहता पानीना मासा शे, सर." मी ते ऐकले आणि सोडून दिले. काचेच्या पेटीत पाणी भरले, मासे सोडले. ते काचेला चिकटले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. हवेचा पंप नव्हता. एका मुलीने विचारले, "सर, इथे पाणी वाहत नाही, यांना चालेल?" मी फळ्याकडे वळत म्हणालो, "दोन दिवसांत जुळवून घेतील." शाळा सुटताना मासे वर येऊन तोंडे उघडत होते, तेही मी पाहिले होते. सकाळी सातही मासे मेलेले होते. ती मुलगी काहीच बोलली नाही, आणि मी वर्गाला सांगितले की मासे आधीपासूनच आजारी असावेत. ते खोटे होते.

त्या वेळचा मी आजही माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो, पंप असता तर मासे जगले असते, तेव्हा चूक साधनाची होती, समजुतीची नव्हती. पहिले कदाचित खरे आहे. पण पंप आणण्याची गरज मला वाटली नाही, ती "जुळवून घेतील" या समजुतीमुळेच. जुळते ती पिढ्यांमागून पिढ्या गेल्यावर जात. पेटीतल्या त्या माशांपाशी एक रात्र होती.

इथे थांबता आले असते तर बरे झाले असते. पण आफ्रिकेतल्या एका गोगलगाई फोडून खाणाऱ्या सिक्लिड माशाची पिल्ले मऊ अन्नावर वाढवली, तर त्यांच्या घशातली हाडे बारीकच राहतात. गोगलगाई मिळाल्या तर तीच हाडे जाडजूड होतात. म्हणजे एकाच माशाच्या आयुष्यातही काही बदलते, आणि बाजारातला विचारणारा पूर्णपणे चुकलेला नसतो. त्याला तुटक बोलणे अन्यायाचे होते, हे मी मान्य करतो. त्याचे म्हणणे मान्य करत नाही.

गेल्या महिन्यात अनेरच्या काठावर एका मुलाला मळ्या दाखवताना मी पुन्हा म्हणालो, "चिकटण्यासाठी याला चकती असते." तो "साठी" मला लगेच खटकला, म्हणून सुधारून सांगितले, "ज्यांच्या ओठाची धरण्याची ताकद जरा जास्त होती ते धारेत टिकले, त्यांची पिल्ले वाढली." मुलगा म्हणाला, "मग ज्यांची कमी होती ते कुठे गेले?" पुरात वाहून गेले, असे मी सांगितले. सगळेच मेले नसतील. काही खालच्या संथ डोहात पोहोचले असतील आणि तिथे त्यांचे बरेही चालले असेल. हे मला घरी परतताना सुचले, आणि त्या मुलाला ते सांगायचे राहिले आहे.