पाच टेबलं, सहा फेऱ्या: आमची वाटचाल

जपानी शिकणारे, जपानी कंपन्यांबरोबर काम करणारे, किंवा नुसतेच त्या संस्कृतीच्या प्रेमात पडलेले नोकरदार तरुण एका संध्याकाळी एकत्र आणायचे आणि त्यांच्या आपापसांत खऱ्या ओळखी होतील असं पाहायचं, एवढाच आमचा व्यवसाय. सुरुवात व्याख्यानांनी केली. ओळीत खुर्च्या, पुढे वक्ता, शेवटी अर्धा तास चहापान. विषय चांगले, सभागृह भरलेलं. पण त्या अर्ध्या तासात ओळखीचे ओळखीच्यांशीच बोलायचे आणि एकटे आलेले कप हातात धरून भिंतीवरचं पोस्टर तिसऱ्यांदा वाचायचे. जपान हा विषय माणसाला दारापर्यंत आणतो. ओळख त्याच्या भरवशावर सोडली तर होत नाही, ती बसवावी लागते. बसवावी म्हणजे शब्दशः, कोण कुठे बसणार इथपासून.

मग टेबलं आली. ३६ माणसं, ६ टेबलं, टेबलाला ६ खुर्च्या, दर दहा मिनिटांनी उठून दुसरीकडे जायचं. कुणाच्या हाती यादी नको म्हणून प्रत्येकाला ० ते ५ यांतला एक आकडा दिला. ० वाल्याने जागेवरच बसायचं, १ वाल्याने दर फेरीला एक टेबल पुढे सरकायचं, २ वाल्याने दोन, असं. दोन फेऱ्या झकास झाल्या. तिसऱ्या फेरीला प्रत्येक टेबलावर तक्रार: हे तर पहिल्या फेरीत माझ्याच टेबलावर होते! चूक चिठ्ठ्या वाटण्यात नव्हती. ० वाला हलत नाही आणि ३ वाला दर वेळी तीन टेबलं पुढे जातो, म्हणजे दोन फेऱ्यांत सहा टेबलांचा फेरा पूर्ण करून मूळ जागी येतो. १ आणि ४ वाल्यांचं, २ आणि ५ वाल्यांचंही तेच. सरकण्याचा नियम बदलूनही यातून पूर्ण सुटका नाही. सहाच्या सहा टेबलांवर कुणीही कुणाला दुसऱ्यांदा न भेटता जास्तीत जास्त तीनच फेऱ्या होतात. ऑयलर या गणितज्ञाने १७८२ साली ३६ लष्करी अधिकाऱ्यांना चौकोनात उभं करण्याचं जे कोडं मांडलं होतं, ते हेच. ते सुटूच शकत नाही हे गास्तों तारी यांनी १९०१ साली सिद्ध केलं. आमच्या टेबलांची काय कथा!

पाच टेबलं आणि टेबलाला पाच खुर्च्या घेतल्या की हा गुंता राहत नाही, कारण पाच ही मूळ संख्या आहे. आकडे ० ते ४, नियम तोच. पाच फेऱ्यांत प्रत्येकाला दर वेळी चार नवे चेहरे मिळतात, म्हणजे वीस. उरतात फक्त स्वतःच्याच आकड्याचे चौघे. सहाव्या फेरीत सारख्या आकड्यांनी एकत्र बसायचं. २४ च्या २४ जणांशी भेट, एकाशीही दोनदा नाही. फेरी नऊ मिनिटांची, सरकायला एक मिनिट, म्हणजे बरोबर एक तास. सात गुणिले सात करूनही जमतं, पण सात माणसांच्या टेबलावर एक गप्पा राहत नाहीत, दोन होतात, आणि मधला माणूस दोन्हीकडे मान हलवत बसतो. म्हणून २५ च्या वर आम्ही जात नाही.

या मांडणीचा खरा फायदा नंतर लक्षात आला. कोणत्याही फेरीत प्रत्येक टेबलावर प्रत्येक आकड्याचा एकच माणूस असतो. म्हणजे आकडा हीच वर्गवारी. जपानी पाहुणे पाच असतील तर पाचही जणांना ३ आकडा द्यायचा, की सगळे एका कोपऱ्यात जमत नाहीत आणि कुठलंही टेबल त्यांच्यावाचून राहत नाही. शिवाय तासभर परक्या भाषेत बोलून झाल्यावर सहाव्या फेरीत ते पाच जण आपोआप एकत्र येतात आणि आपल्या भाषेत मोकळं बोलतात. त्या वेळी त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. एकाच कार्यालयातून घोळक्याने आलेल्यांनाही एकच आकडा, म्हणजे शेवटपर्यंत ताटातूट. आधी कुरकुर करतात, नंतर करत नाहीत. जपानी बऱ्यापैकी बोलणाऱ्यांना १. इथे परीक्षेची पातळी विचारून उपयोग नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत २०१० पासून एन५ ते सर्वांत अवघड एन१ अशा पाच पातळ्या आहेत, पण त्यांत बोलण्याची परीक्षाच नाही. एन२ झालेला माणूस पाहुण्यासमोर गप्प बसू शकतो. म्हणून नोंदणीत आम्ही एवढंच विचारतो: स्वतःबद्दल एक मिनिट जपानीत बोलता येईल का?

० वाले हलत नाहीत, म्हणून ते यजमान. जपानी मेजवानीत सगळ्याचं नियोजन अंगावर घेणाऱ्याला कांजी म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. चित्रलिपीतली कांजी वेगळी. आणि कपड्यांना घालतात ती तर फारच वेगळी. बाकीचा प्रत्येक माणूस पाच फेऱ्यांत पाचही टेबलांवर जाऊन येतो, म्हणून प्रत्येक टेबलाला स्वतःचं काम देता येतं आणि कांजीला एकच गोष्ट पाचदा शिकवायची असते. हे काम हवंच. नुसत्या गप्पांवर सोडलं तेव्हा तिसऱ्या फेरीपर्यंत लोक स्वतःचं नाव, कंपनी आणि पद सांगून इतके कंटाळायचे, की चौथ्या फेरीत घड्याळ बघायचे.

पहिलं टेबल मेइशीचं, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाचं. जपानी कार्डाचं ठरलेलं माप ९१ गुणिले ५५ मिलिमीटर. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांच्यासाठी त्या मापाचे जाड कोरे तुकडे ठेवतो, माणशी ३०. देताना उभं राहायचं, टेबलाच्या आडून द्यायचं नाही, अक्षरं समोरच्याला सुलट दिसतील असं धरायचं, नाव आणि कंपनी स्वतः उच्चारायची. कनिष्ठ किंवा भेटीला आलेला आधी देतो आणि आपलं कार्ड समोरच्याच्या कार्डापेक्षा किंचित खाली धरतो. घेताना दोन्ही हात, छापलेल्या नावावर अंगठा नको. मिळालेलं कार्ड वाचायचं, बोलणं संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवायचं. अनेक जण असतील तर ते बसलेत त्याच क्रमाने कार्डं मांडायची, म्हणजे नावं चुकत नाहीत. मागच्या खिशात कोंबणं आणि देणाऱ्यासमोर त्यावर पेनाने खरडणं या दोन चुका पाचही फेऱ्यांत हमखास होतात. कार्डाच्या मागे नाव काताकाना या जपानी लिपीत लिहायला सांगतो, तिथे गंमत सुरू होते. जपानीत ल आणि र वेगळे नाहीत, ळ तर नाहीच. शीतलचं शीतरु होतं. नावापुढे सान लावायचं ते दुसऱ्याच्या, स्वतःच्या कधीच नाही. मराठीत सान म्हणजे लहान. तिथे मान देताना लावतात, एवढं लक्षात ठेवलं की विसर पडत नाही.

दुसऱ्या टेबलावर फुरोशिकी, म्हणजे वस्तू बांधून न्यायचे ७० सेंटिमीटरचे चौकोनी रुमाल. वस्तूची लांबी रुमालाच्या कर्णाच्या साधारण एक तृतीयांश असली की नीट बांधली जाते. ७० च्या रुमालाचा कर्ण ९९ सेंटिमीटर, म्हणजे ३३ सेंटिमीटरपर्यंतचा खोका. गाठ बसली की टोकं आडवी यायला हवीत. उभी आली तर दुसरा वेढा पहिल्याच दिशेने घेतलाय, ती गाठ उचलताना सरकते. तिसऱ्यावर गो या सोंगट्यांच्या खेळाच्या ९ गुणिले ९ च्या दोन पाट्या, आणि जो आधी एक सोंगटी पकडेल तो जिंकला एवढाच नियम. नऊ मिनिटांत दोन डाव होतात.

चौथ्या टेबलावर बोझु-मेकुरी. ह्याकुनिन इश्शु या शंभर कवींच्या पत्त्यांमधले चित्रांचे पत्ते यासाठी लागतात, पण जपानी अक्षर वाचता यावं लागत नाही, म्हणून पहिल्यांदाच आलेल्याला हा खेळ सर्वांत सोयीचा. पालथ्या गड्डीतून पाळीपाळीने पत्ता उचलायचा. पुरुष निघाला तर तो आपला. भिक्षू निघाला तर हातातले सगळे पत्ते मध्ये टाकायचे. स्त्री निघाली तर मधले सगळे आपले. संचात स्त्रिया २१ आणि भिक्षू १३, पण हे १३ सेमिमारू या कवीला धरून. काही संचांत त्याच्या डोक्यावर टोपडं काढलेलं असतं, मग तो भिक्षू की नाही यावर टेबल दोन तटांत विभागतं. भांडण मजेचं असलं तरी नऊ मिनिटांतली तीन खातं, म्हणून कांजीने आधीच निर्णय जाहीर करायचा. पूर्ण शंभर पत्ते एका फेरीत संपत नाहीत. पिसून अर्धीच गड्डी, ५० पत्ते घ्यायचे.

पाचवं टेबल माच्चाचं, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचं, आणि सर्वांत जास्त गोष्टी इथेच बिघडतात. एका वाटीला २ ग्रॅम पूड, साधारण ७० मिलिलिटर पाणी, तापमान ८० अंशांच्या आसपास. २५ वाट्यांना ५० ग्रॅम लागते. सांडलवंड धरून आम्ही ३० ग्रॅमचे दोन डबे घेतो. पूड चाळलीच पाहिजे. न चाळता घातली तर गाठी होतात, आणि त्या कितीही घुसळल्या तरी फुटत नाहीत. फ्रिजमधला डबा लगेच उघडायचा नाही. तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर पुडीवर दमट हवेचं पाणी धरतं आणि चाळलेलं सगळं पुन्हा चिकटतं. उकळतं पाणी ओतलं तर चहा कडू होतो. उकळलेलं पाणी आधी दुसऱ्या भांड्यात ओतायचं आणि मग वाटीत, तेवढ्यात ते पुरेसं निवतं. चासेन, म्हणजे बांबूची घुसळणी, आधी मिनिटभर कोमट पाण्यात भिजवायची, कोरड्या काड्या मोडतात. घुसळताना मनगट पुढे-मागे हलवायचं, गोल फिरवायचं नाही आणि तळाला घासायचं नाही. नवखा माणूस हमखास ताक घुसळल्यासारखी फिरवतो, फेस येत नाही, मग जोर लावतो आणि हिरव्या चहात काड्यांची टोकं तरंगायला लागतात. गोड पदार्थ चहाच्या आधी खायचा, चहाबरोबर नाही. वाटीची दर्शनी बाजू ओठाला लागू नये म्हणून ती थोडी फिरवून प्यायची. भरपूर फेस ही उरासेन्के घराण्याची पद्धत, ओमोतेसेन्केत फेस कमी असतो. त्यामुळे एखाद्या पाहुण्याला कमी फेसाची वाटी जास्त बरोबर वाटली तर वाद घालायचा नाही. चासेन धुताना साबण नको, आणि ती ओली असताना प्लॅस्टिकच्या डबीत बंद केली तर पुढच्या कार्यक्रमाला बुरशी घेऊन येते. हे टेबल प्लगजवळच हवं, आणि दोन किटल्या एकाच एक्स्टेन्शनवर लावायच्या नाहीत.

खाण्यात सगळ्यांत मोठा घोळ शाकाहाराचा. मिसो सूप बघायला निरुपद्रवी, पण त्यातली दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, बहुधा बोनिटो या सुक्या माशाची असते. भाज्यांच्या तेंपुराबरोबर येणारी चटकदार बुडवणीसुद्धा तिच्यावरच बनते. पुरवठादाराला "शाकाहारी आहे ना?" विचारलं तर उत्तर हो येतं, कारण त्यात माशाचा तुकडा दिसत नाही. आम्ही "दाशी कशाची?" असं विचारतो. कोंबू या समुद्री वनस्पतीची दाशी सोपी आहे: एक लिटर पाण्यात १० ग्रॅम, रात्रभर फ्रिजमध्ये. तापवायची असेल तर उकळी फुटायच्या आधी कोंबू काढायचा. मद्य न घेणाऱ्यांसाठी मिरिन या स्वयंपाकातल्या गोड मद्याबद्दलही विचारावं लागतं, खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असतं. ओनिगिरी या भाताच्या मुटक्यांचा भात फ्रिजमध्ये दगड होतो, म्हणून ते त्याच दिवशी वळलेले हवेत. नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापुद्रा, वेगळी द्यायची आणि खाताना गुंडाळायची.

तारखा ठरवताना जपानी कॅलेंडर समोर लागतं. तिकडे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि बदल्या त्याच सुमाराला होतात. मार्च-एप्रिलमध्ये आमचे ३ आकड्याचे निम्मे लोक निरोप घेतात आणि त्यांच्या जागी येणाऱ्यांना आम्ही अजून माहीत नसतो. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीपर्यंत गोल्डन वीकची सुट्टी, ऑगस्टच्या मध्यात ओबोन या सणाची. डिसेंबरभर बोनेनकाई, म्हणजे सरत्या वर्षाच्या मेजवान्या, तेव्हा जपानी पाहुण्याची एकही संध्याकाळ रिकामी नसते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, त्यामुळे आधीचे तीन आठवडे १ आकड्याचे गायब. उरतात जानेवारीचा उत्तरार्ध, मेचा उत्तरार्ध, सप्टेंबर, ऑक्टोबर. आम्ही बहुतेक कार्यक्रम तिथेच घेतो.

नोंदणी ४८ तास आधी बंद करतो आणि पैसे आगाऊ घेतो. फुकट ठेवलं तेव्हा रिकाम्या खुर्च्या जास्त आणि कुठल्या आकड्याच्या ते आयत्या वेळी कळायचं. दोन गैरहजर एकाच आकड्याचे असतील तर चालतं, त्या दोन रिकाम्या जागा पाचही फेऱ्यांत एका टेबलावर येत नाहीत. वेगवेगळ्या आकड्यांचे असतील तर एखाद्या फेरीत एका टेबलावर तीनच माणसं उरू शकतात. कांजी मात्र एकही कमी चालत नाही, म्हणून दोन राखीव.

व्याख्यानं पूर्ण सोडलेली नाहीत. दोन महिन्यांतून एकदा २० चित्रं, प्रत्येकी २० सेकंद, चित्रं आपोआप पुढे सरकतात, ६ मिनिटं ४० सेकंदांत बोलणारा खाली. हा प्रकार फेब्रुवारी २००३ मध्ये टोकियोत अॅस्ट्रिड क्लाइन आणि मार्क डायथॅम या वास्तुरचनाकारांनी पेचाकुचा नावाने सुरू केला, पेचाकुचा म्हणजे किलबिलाट. नाव नोंदणीकृत आहे, म्हणून पत्रिकेवर आम्ही ते छापत नाही.

कानपाई, म्हणजे सगळ्यांनी मिळून ग्लास उंचावणं, सहा फेऱ्यांनंतर. खऱ्या जपानी मेजवानीत ती सुरुवातीला असते, पण ओले ग्लास आणि मेइशी एका टेबलावर नांदत नाहीत. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा, आणि सगळ्यांचे भरेपर्यंत प्यायचं नाही. शेवट टाळ्यांनी. इप्पोन-जिमे म्हणून एकच टाळी वाजवून मोकळे होण्याची सवय सगळीकडे आहे, पण ती एकटी टाळी म्हणजे इच्चो-जिमे. इप्पोन-जिमे म्हणजे तीन, तीन, तीन आणि एक अशा दहा टाळ्या. टाळ्यांआधी कांजी मोठ्याने सांगतो की आपण कोणती वाजवतोय, नाहीतर निम्मे एका टाळीवर थांबतात आणि बाकीचे आणखी नऊ टाळ्या वाजवत राहतात. त्यानंतरच्या निजिकाईचं, म्हणजे दुसऱ्या बैठकीचं, आरक्षण आम्ही करत नाही. दाराशी चालत जाण्याजोग्या दोन ठिकाणांची नावं लिहून ठेवतो, आणि २५ जणांचे पाच-सहाचे घोळके आपापले ठरवून निघतात.